कॉर्ड कुठे चालते, कुठे चालत नाही: नव्याने कातळावर येणाऱ्यांसाठी

दर वर्षी पाऊस ओसरला की आमच्या रविवारच्या सरावाला नवी मुलं-मुली येऊ लागतात. हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट, दोर सगळं ग्रुपचं असतं, पण स्वतःचं म्हणून काहीतरी विकत घ्यायची हौस प्रत्येकाला असते आणि ती असायलाच हवी. मागच्या हंगामात एका मुलीने सॅकमधून निळ्या दोरीचं भेंडोळं काढलं. "ताई, बोहरी आळीतून आणलीये. आठ एमएमची आहे. सेल्फ अँकरला चालेल ना? दुकानदार म्हणाला, हिने ट्रकचा माल बांधतात." सेल्फ अँकर म्हणजे कड्यावर थांबताना स्वतःला बोल्टला अडकवून ठेवायची दोरी.

आम्ही पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत होतो. खाली पाणी साचलेलं होतं. तिच्या दोरीचा वीतभर तुकडा कापला, पाण्याखाली धरून बोटांनी चांगला दाबला, आतले बुडबुडे निघून जाऊ दिले आणि मग सोडला. तुकडा वर आला आणि तरंगत राहिला. माझ्याकडच्या जुन्या सहा एमएम कॉर्डचा, म्हणजे गिर्यारोहणातल्या बारीक नायलॉन दोरीचा, तेवढाच तुकडा त्याच्या शेजारी सोडला. तो सरळ तळाला गेला.

नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, पॉलिप्रॉपिलीन हलकं. बाजारातल्या रंगीत, चमकदार, स्वस्त दोऱ्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. कपडे वाळत घालायला, माल बांधायला त्या उत्तम. पण उन्हात त्या लवकर ठिसूळ होतात, साधारण १६५ अंश सेल्सियसला वितळतात (नायलॉन २२० च्या आसपास), आणि मुख्य म्हणजे माणूस पडेल असा विचार करून त्यांची चाचणी कोणी घेतलेली नसते. ट्रकवरचा माल एकदा आवळला की जागेवर बसून राहतो. माणूस झटक्याने येतो.

ही चाचणी घरी बादलीत जरूर करून बघा, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. दोरी तरंगली तर ती नायलॉनची नाही, एवढंच कळतं. बुडली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, कारण पॉलिएस्टरही बुडतं आणि हलक्या प्रतीचं नायलॉनही बुडतं. त्यामुळे ही चाचणी दोरी नापास करायला वापरायची, पास करायला नाही.

आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय

कातळावर वापरायच्या दोर-दोऱ्यांचे ढोबळमानाने चार प्रकार. चढताना ज्याला आपण बांधलेलो असतो तो डायनॅमिक दोर. तो मुद्दाम ताणला जाईल असा बनवलेला असतो आणि पडण्याचा धक्का त्या ताणात जिरवतो. रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) बहुतेक ठिकाणी लावतात तो स्टॅटिक दोर, जो फारसा ताणला जात नाही. तिसरा प्रकार स्लिंगचा, म्हणजे सपाट पट्टी (टेप) शिवून केलेल्या लूपचा. आणि चौथा म्हणजे आपली कॉर्ड: ४ ते ८ एमएम जाडीची, आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेली, दिसायला छोट्या दोरासारखी.

"छोट्या दोरासारखी" हीच सगळ्या गोंधळाची सुरुवात. कॉर्ड दिसते दोरासारखी, पण डायनॅमिक दोरासारखी ताणली जात नाही. ती धक्का जिरवत नाही, पुढे ढकलते: तुमच्या कमरेकडे, गाठीकडे, कातळात ठोकलेल्या बोल्टकडे.

तिच्यासाठी वेगळं युरोपीय मानक आहे, ईएन ५६४. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचंही तसंच मानक आहे, यूआयएए १०२. ही मानकं ४ ते ८ एमएमच्या कॉर्डला लागू होतात. २ आणि ३ एमएमची कॉर्ड त्यांच्या बाहेर. ती चॉकबॅग (हाताला लावायच्या पावडरीची पिशवी) कमरेला बांधायला, टेंटला, हातमोजे लटकवायला. तिच्यावर माणसाचा भार कधीच टाकायचा नाही. पॅराकॉर्डचंही (मुळात पॅराशूटसाठीची बारीक नायलॉन दोरी) तेच. ५५० पौंड म्हणजे साधारण २५० किलो, हा आकडा ऐकून भुरळ पडते, पण तो एका सरळ, नव्या, गाठ नसलेल्या पदराचा आकडा आहे आणि पॅराकॉर्ड गिर्यारोहणाच्या मानकात कुठेच बसत नाही.

आकड्यांशी मैत्री करा

मानकातला हिशेब इतका सोपा आहे की तो पाठच होऊन जातो. जाडीचा वर्ग करा, २०० ने गुणा, उत्तर न्यूटनमध्ये. ४ एमएमची कॉर्ड किमान ३.२ किलोन्यूटन सोसते, ५ एमएमची ५, ६ एमएमची ७.२, ७ एमएमची ९.८ आणि ८ एमएमची १२.८. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो वजन शांतपणे लटकल्यावर येतो तेवढा भार.

४ आणि ८ मध्ये जाडी दुप्पट, पण ताकद चौपट. म्हणूनच "एखाद-दोन एमएमने काय फरक पडतो" असं कातळावर म्हणायचं नसतं. ५ वरून ७ वर गेलं की ताकद जवळजवळ दुप्पट होते.

आता याच्या शेजारी बाकीच्या साहित्याचे आकडे ठेवून बघा. शिवलेली स्लिंग २२ किलोन्यूटन. कॅरॅबिनर (उघडझाप करता येणारी धातूची कडी) लांबीच्या दिशेने २०, आडवा ओढला गेला तर फक्त ७. हार्नेसचा बीले लूप (पुढची कापडी कडी) १५. या सगळ्यांच्या साखळीत तुम्ही ५ एमएमची कॉर्ड घातली, तर बाकी कितीही महाग आणलेलं असो, तुमच्या साखळीची ताकद ५ वर आली. आणि तीही गाठ मारायच्या आधीची.

गाठीने ताकद घटते. कुठली गाठ, कसली कॉर्ड, यावर किती घटते ते ठरतं, पण एक तृतीयांश ते निम्मी, एवढं मनात धरून चालावं. मी नव्या मुलांना हिशेबाची एकच रीत सांगते: गाठ मारून केलेल्या लूपची ताकद त्या कॉर्डच्या एका पदराइतकीच धरा. लूपला दोन पदर असतात हे खरं, पण दुसऱ्या पदराने जे मिळतं ते गाठीने गेलं असं समजायचं. म्हणजे ६ एमएमचा लूप ७.२, ७ एमएमचा ९.८. प्रत्यक्षात थोडं जास्तच मिळेल, पण त्या जास्तीवर विसंबायचं नाही. कॉर्ड भिजली असेल, धारेवर वळली असेल, स्वतःतूनच ओवून फास केला असेल, तर ती जास्तीची ताकद तिथेच खर्च होते.

भार किती येतो हेही ऐका. शांतपणे रॅपल करणारा ७०-८० किलोचा माणूस अँकरवर (दोर वर जिथे बांधलेला असतो त्या आधारावर) पाऊण ते एक किलोन्यूटन भार टाकतो. तोच माणूस उड्या मारत, मध्येच कचकन थांबत उतरला, तर दोन किंवा त्याहून जास्त. लीड चढताना (दोर खालून वर नेत पुढे चढताना) पडलात तर गोष्टच वेगळी. डायनॅमिक दोराच्या मानकात ८० किलो वजनाच्या पहिल्या चाचणी-पतनात १२ किलोन्यूटनपर्यंतचा धक्का मान्य आहे. ती चाचणी मुद्दाम फार कठोर ठेवलेली असते आणि आपली रोजची पडझड त्याच्या खूप खाली राहते. पण एक बारकावा लक्षात ठेवा. पडताना दोर वरच्या ज्या कॅरॅबिनरमधून वळलेला असतो, त्यावर तुमच्या बाजूचा ओढा आणि बीलेवाल्याच्या (खाली दोर सांभाळणाऱ्याच्या) बाजूचा ओढा असे दोन्ही येतात. त्यामुळे तिथला भार तुमच्या कमरेवर जाणवणाऱ्या धक्क्याच्या दीडपटीहूनही जास्त असतो. त्या जागी पातळ कॉर्डचा लूप नको, तो याच कारणासाठी.

विकत घेताना

गिर्यारोहणाचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानातून घ्या. कॉर्ड मीटरवर रिळातून कापून मिळते, तेव्हा रीळ दाखवायला सांगा. रिळावर मानकाचा क्रमांक, जाडी, किलोन्यूटनचा आकडा आणि उत्पादनाचं वर्ष असतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण कापून आणलेल्या तुकड्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं. घरी आल्यावर दोन महिन्यांनी तीन तुकडे एकत्र पडले की कुठला कधीचा हे कोणालाच सांगता येत नाही. मी प्रत्येक तुकड्याच्या टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळते आणि तिच्यावर महिना-वर्ष लिहिते. मार्करने थेट कॉर्डवर लिहू नका, शाईतली रसायनं धाग्याला लागतात.

जुन्या बाजारात कधी कधी खरोखरचं गिर्यारोहणाचं साहित्य दिसतं. कॅरॅबिनर, दोर, हार्नेससुद्धा. स्वस्त मिळतंय म्हणून हात पुढे जातो हे मला माहीत आहे, विद्यार्थिदशेत माझाही गेला होता. पण ज्या कापडी वस्तूचा इतिहास माहीत नाही ती वस्तू घ्यायची नाही, दोर, टेप, कॉर्ड यातलं काहीच नाही.

सुरुवातीला किती घ्यावी? माझं उत्तर: ६ एमएम नायलॉनचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे, प्रुसिकसाठी (दोराला पकडणारी गाठ, पुढे येतेच). बस्स. अँकर लावायला शिकाल तेव्हा ७ एमएमची सहा मीटर घ्या. अरॅमिड किंवा डायनीमा या कृत्रिम धाग्यांच्या गाभ्याची पातळ आणि फार ताकदवान कॉर्ड मिळते. तिचे आकडे बघून मोह होतो, पण सुरुवात तिने करू नका. अरॅमिडचा धागा सारखा वाकवून, दुमडून आतून तुटत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. डायनीमा गुळगुळीत असतं, त्यात गाठ सरकते, आणि ते १४५-१५० अंशांनाच वितळतं. नायलॉन जाड असेल, जड असेल, पण चुकांना थोडी जागा देतं.

गाठ: इथे घाई नको

कॉर्डची दोन टोकं जोडून लूप करायचा तर डबल फिशरमन. ही गाठ वाचून शिकू नका, कोणाच्या तरी हाताखाली बसून शिका. पण शिकल्यावर तपासायची कशी ते इथे सांगते.

गाठ हातात धरून एका बाजूने बघा. चार वेढे एकमेकांना लागून, दाताला दात लागावा तसे, समांतर बसलेले दिसले पाहिजेत. उलटी करा. आता दोन फुल्या दिसल्या पाहिजेत, शेजारी शेजारी. एका बाजूला फुली आणि दुसरीकडे काहीतरी वाकडंतिकडं दिसत असेल, तर एक टोक उलट दिशेने गुंडाळलं गेलंय. दोन्ही अर्धे भाग एकमेकांत नीट बसत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर तीच चूक. सोडा, पुन्हा बांधा.

मग शेपट्या. गाठीतून बाहेर आलेली दोन्ही टोकं किमान ७-८ सेंटीमीटर, म्हणजे चार बोटांची रुंदी. कॉर्ड महाग म्हणून कोणी शेपटी आखूड ठेवतं, तर मी ती गाठ सोडायला लावते. नव्या कॉर्डची गाठ पहिल्या भाराला चांगली अर्धा-एक सेंटीमीटर सरकते. म्हणून गाठ बांधली की लूप एखाद्या भक्कम झाडाला किंवा बोल्टला लावा, दुसऱ्या बाजूने हार्नेसला अडकवा आणि जमिनीवर उभं राहून पूर्ण वजनाने मागे रेला. गाठ आवळते, टणक होते, शेपट्या थोड्या आखडतात. त्यानंतरही चार बोटं उरली पाहिजेत. आणि प्रत्येक सरावाच्या सकाळी पुन्हा बघायचं, कारण सॅकमध्ये घासून, ओली होऊन, वाळून गाठ सैल होत जाते.

प्रुसिक: कॉर्डचं हक्काचं काम

१९३१ मध्ये कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ही गाठ प्रसिद्ध केली, आणि आजही तिच्याइतकी स्वस्त विमा पॉलिसी कातळावर दुसरी नाही. कॉर्डचा लूप मुख्य दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. भार नसताना तो हाताने सरकतो, भार आला की दोराला चावतो.

चावण्यासाठी कॉर्ड दोरापेक्षा बरीच पातळ हवी, दोराच्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. आपल्याकडे रॅपलिंगला १० ते ११ एमएमचा दोर असतो, त्याला ६ एमएम छान बसते. ८ एमएम तेवढी नीट चावत नाही, घसरू शकते. ४ एमएम इतकी घट्ट चावते की सोडवता सोडवत नाही, आणि तिच्यात ताकदही नाही.

रॅपल करताना डिसेंडरच्या (दोरावरून उतरताना वेग धरणाऱ्या धातूच्या साधनाच्या) खाली प्रुसिक लावला की हात सुटला तरी माणूस थांबतो. मग ६ एमएम इथे कशी पुरते? कारण बहुतेक भार डिसेंडरवर असतो. प्रुसिकला तेवढंच धरायचं असतं जेवढं तुमचा खालचा हात धरतो. हा फरक समजला की कॉर्डच्या मर्यादा आपोआप समजू लागतात: जिथे ती हाताचं काम करते तिथे ती पुरते, जिथे तिला दोराचं काम करायला लावतो तिथे नाही.

पहिल्यांदा असं करा. जमिनीपासून दोन फुटांवर लटकता येईल अशी जागा शोधा. डिसेंडर लावा, खाली प्रुसिक लावा, हार्नेसच्या बीले लूपमध्ये लॉकवाल्या कॅरॅबिनरने अडकवा. पूर्ण वजन टाका. खालचा हात हळूच सोडा, पण दोराभोवती ओंजळ तशीच ठेवा. थांबलात? आता खाली बघा. प्रुसिक डिसेंडरला टेकला आहे का? टेकला असेल तर लूप लांब झालाय. टेकलेला प्रुसिक चावत नाही, डिसेंडर त्याला ढकलत खाली नेतो. लूप आखूड करा, नाहीतर डिसेंडर शिवलेल्या स्लिंगवर थोडा वर घ्या. ही तपासणी कड्याच्या काठावर नाही, जमिनीवरच करायची.

आणि प्रुसिक भाराखाली सरकवत उतरायचं नाही. घर्षणाने आवरण वितळतं, चकाकी येते, आणि पुढच्या वेळी तो चावतच नाही. पडणाऱ्या माणसाला झेलायलाही प्रुसिक नाही.

अँकरला कॉर्ड

७ एमएमची सहा मीटर कॉर्ड, तिचा मोठा लूप, तो दोन-तीन बोल्टमध्ये अडकवून सगळे पदर एकत्र ओढायचे आणि मोठी फिगर ऑफ एट (आठच्या आकाराची गाठ) मारायची, ही सर्वमान्य रीत आहे आणि नीट केली तर भरवशाची आहे. इथे भार वाटला जातो, आणि एक बिंदू निघाला तरी बाकीचे धरतात. पण पदरांमधला कोन लहान ठेवा. १०० किलोचा भार दोन बिंदूंवर ६० अंशाच्या कोनात वाटला तर प्रत्येकावर ५८ किलो येतो, ९० अंशांना ७१, आणि १२० अंशांना पूर्ण १००. म्हणजे वाटून काहीच मिळालं नाही. वर बघून अंदाज घ्या: पदर भाल्याच्या टोकासारखे निमुळते दिसले तर ठीक, तोरणासारखे पसरलेले दिसले तर कॉर्ड लांब घ्या. जास्त शिकायचं असेल तर अनुभवी माणसाबरोबर तैलबैल्याच्या भिंतीखाली एक दिवस घालवा, तेवढ्यात जे कळतं ते इथे दोन पानांत मावणार नाही.

आपला कातळ बेसाल्ट. त्याच्या कडा फुटतात तिथे काचेसारखी धार येते. झाडाला किंवा खडकाच्या सुळक्याला कॉर्ड गुंडाळताना कडेवर बोट फिरवून बघा. बोटाला टोचलं तर कॉर्डला कापणार. खाली सतरंजीचा, जुन्या जीन्सचा तुकडा घाला, किंवा कॉर्डऐवजी टेप वापरा.

जी चूक मी डोळ्यांनी पाहिली

वीसेक वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका लहान कड्यावर टॉप-रोपचा (दोर वरच्या अँकरमधून वळवून खालून धरायचा) सराव चालू होता. कॅरॅबिनर कमी पडले म्हणून वर कोणीतरी दोर थेट ७ एमएमच्या कॉर्डच्या लूपमधून ओवला होता. भार एका माणसाचाच, लूप नवा, गाठ उत्तम. आकड्यांत बसत होतं. बीले माझ्याकडे होता. तिघं चढले, तिघांना मी खाली सोडलं. चौथा मुलगा वर पोचला, मागे रेलला, आणि मी दोर सोडायला लागले तोच वरून आमच्या ग्रुपमधला दादा ओरडला, "सोडू नको! धर! धर!" तो काठावर बसून होता आणि त्याला जळका वास आला होता. मी दोर आवळून धरला. दादाने टेपची स्लिंग आणि कॅरॅबिनर दोराला लावून भार त्यावर घेतला आणि मग त्या मुलाला आम्ही इंच इंच करत खाली आणलं.

तो लूप आजही माझ्या कपाटात आहे. दर नव्या तुकडीत तो हातोहात फिरवते. ज्या जागी दोर वळला होता तिथे अंगठ्याएवढी जागा काचेसारखी चकाकते, नखाने वाजवली तर टक्‌ असा आवाज येतो. आवरण आडवं फाटलंय आणि त्यातून गाभ्याचे पांढरे धागे बाहेर आलेत, टोकाला वितळून एकमेकांना चिकटलेले. त्याच्या दोन बोटं पलीकडे कॉर्ड अगदी नवीकोरी आहे.

असं का होतं? दोर धावतो, त्यामुळे त्याची प्रत्येक जागा एकदा घासून पुढे जाते आणि थंड होते. लूप मात्र जागेवरच असतो. दहा-पंधरा मीटर दोराची सगळी उष्णता त्याच्या त्याच अंगठ्याएवढ्या जागेत साठते. ही मर्यादा किलोन्यूटनच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून हा नियम सगळ्या आकड्यांच्या वर ठेवा: भाराखाली धावणारा दोर कॉर्डमधून, टेपमधून, कुठल्याही कापडी वस्तूतून थेट न्यायचा नाही. मध्ये धातू पाहिजे. कॅरॅबिनर नसेल तर टॉप-रोप लावायचाच नाही, त्या दिवशी बोल्डरिंग (दोराविना, कमी उंचीच्या दगडावर चढणं) करा.

रॅपलमध्ये दोर स्लिंगमधून थेट ओवतात हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे उतरताना दोर स्लिंगवर धावत नाही, म्हणून ते चालून जातं. पण खाली आल्यावर दोर ओढून काढताना तो धावतो आणि स्लिंगला चरा पाडतो. म्हणजे तुमच्या आधी कोणीतरी सोडून गेलेल्या स्लिंगवर असे किती चरे आहेत ते खालून कळत नाही. नागफणीला, ढाक बहिरीच्या वाटेवर, सुळक्यांच्या माथ्यावर असे जुने दोर आणि स्लिंग लोंबताना दिसतात, उन्हाने पांढुरके पडलेले. त्यांना हात लावून बघा, कडक लागतात. त्यावर भार टाकायचा नाही. स्वतःची ७ एमएम कॉर्ड किंवा टेप सोडून यायची तयारी ठेवा, तिच्यात रॅपल रिंग (धातूची कडी) किंवा जुना कॅरॅबिनर अडकवा, आणि जुनं कुजलेलं कापून खाली आणा म्हणजे मागून येणारा फसणार नाही.

सेल्फ अँकरबद्दल, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर

तिची निळी दोरी सोडा, मानकातली ७ एमएमची कॉर्डही मी सेल्फ अँकरला देणार नाही. समजा तुम्ही ६० सेंटीमीटरच्या लूपने बोल्टला अडकलेले आहात. लूप ताणलेला आहे आणि तुम्ही बोल्टच्या खाली लटकून आहात तोवर सगळं ठीक. मग दुसऱ्याला जागा द्यायला तुम्ही बोल्टच्या बरोबरीने, नंतर थोडं वर सरकता. पाय निसटतो. जेमतेम एक मीटर पडता, पण ज्यावर पडता ते ताणलंच जात नाही. तो मीटरभर खाली येण्याचा सगळा जोर अंगाला, गाठीला आणि बोल्टला एका झटक्यात बसतो. अशा पडण्यात कॉर्ड तुटू शकते, आणि नाही तुटली तरी कंबर मोडू शकते.

डायनॅमिक दोराचा तुकडा दोन्ही टोकांना नीट बांधून वापरा, किंवा चढायच्या दोरानेच क्लोव्ह हिच ही गाठ मारून अडका. शिवलेली स्लिंग वापरली तर चालेल, पण तीही ताणली जात नाही, तेव्हा ती नेहमी तटतटीत ठेवा आणि अँकरच्या वर कधीही चढू नका.

सांभाळणं आणि बाद करणं

तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी होते. कॉर्ड चिमटीत धरून इंच इंच सरकवा. मऊ, पोकळ खड्डा लागला, गाठीसारखा फुगवटा लागला, टणक चकाकणारी जागा आली, आवरणातून पांढरं दिसलं, की ती गेली. नुसती लव सुटलेली असेल तर चालते, पण प्रुसिकची कॉर्ड मी दोन हंगामांपलीकडे ठेवत नाही. एवढ्याशा तुकड्यासाठी विचार कसला करायचा. न वापरलेली कॉर्डही उत्पादनापासून दहा वर्षांनी बाद.

धुवायची तर साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवायची. ओल्या नायलॉनची ताकद थोडी उतरते, वाळल्यावर परत येते. पावसाळी रॅपलिंगला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट मात्र आजच घरी जाऊन बघा. पुण्यातल्या कितीतरी घरांत इन्व्हर्टरची बॅटरी गॅलरीत किंवा जिन्याखाली असते, आणि ट्रेकची सॅकही बरोब्बर तिथेच टाकलेली असते. बॅटरीतल्या आम्लाचा थेंब, अगदी त्याची वाफसुद्धा, नायलॉनला आतून खाते. डाग पडत नाही, रंग बदलत नाही, बोटाला काही लागत नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेल्या दोराचंही तेच. अशा जागी पडून राहिलेली कॉर्ड, टेप, हार्नेस, काहीही असो, तपासत बसू नका, बाद करा.

आणि बाद केलेली कॉर्ड अख्खी फेकू नका. कोणीतरी उचलतं, धुतं, वापरतं. हातभर, हातभर तुकडे करा, इतके आखूड की कोणाला त्याचा लूप बांधायचा विचारही येऊ नये. टोकं मेणबत्तीवर धरून बंद करा. त्या निळ्या दोरीचंही आम्ही शेवटी तेच केलं, आणि त्या मुलीच्या आईने त्या तुकड्यांनी गच्चीतले टोमॅटोचे वेल काठ्यांना बांधले.